निवडुंग नेमका कुणाचा?

'वाळवंटाचे चित्र काढा' असे पाचवीच्या वर्गाला सांगून पाहावे. तासाच्या शेवटी चाळीस वह्यांमध्ये जवळजवळ एकच चित्र सापडते. वाळूच्या दोन टेकड्या, वर तळपता सूर्य, एक उंट आणि त्याच्या शेजारी दोन्ही हात वर करून उभा असलेला उंच काटेरी निवडुंग. आम्ही हे चित्र इतक्या वेळा पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर त्याला इतक्या वेळा चांगले गुण दिले आहेत, की त्यात काही चुकते आहे हे बरीच वर्षे आमच्याही ध्यानात आले नव्हते. तो हात वर केलेला निवडुंग म्हणजे साग्वारो. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरचे सोनोरा वाळवंट सोडले तर तो जगात कुठेही आपणहून उगवत नाही. उंट आहे आशिया-आफ्रिकेतला. माणसाने मुद्दाम घडवून आणल्याशिवाय या दोघांची भेट होणे शक्य नाही.

(गंमत अशी की उंटाच्या कुळाचा उगमही उत्तर अमेरिकेतच झाला. तिथून ते आशियात आले आणि अमेरिकेतले शेवटचे उंट हिमयुग संपता संपता नष्ट झाले. त्यामुळे पोरांचे चित्र काही हजार वर्षांपूर्वीचे आहे असे म्हणून त्यांना अर्धा गुण देता येईल!)

हे सगळे आठवायला कारण झाला एक गोल निवडुंग. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी आम्ही रोपवाटिकेतून एक 'गोल्डन बॅरल' आणला होता. पिपासारखा गोल, सोनेरी काट्यांचा, मोठ्या मोसंब्याएवढा. मुलांनी त्याचे नाव 'काटेरी भोपळा' ठेवले. बागेतली काळी माती कुंडीत भरून मुलांनी तो लावला आणि पाटी लिहिली : 'वाळवंटी वनस्पती'. संभाजीनगरचा मे महिना त्याने आरामात काढला. पारा चाळीसच्या वर गेला, सदाफुली माना टाकू लागली, पण हा ढिम्म. जूनमध्ये पाऊस आला, सगळे अंगण हिरवे झाले आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा भोपळा बुडापासून तपकिरी होऊन एका बाजूला कलंडला. बोट लावले तर आत पिकलेल्या पपईसारखा मऊ. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, उन्हाने नाही मेला, मग पावसाने कसा मेला?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही निवडुंगाच्या इतिहासात बरेच मागे गेलो. तो इतिहास रंगाचा आहे, लोभाचा आहे आणि एका चुकीच्या किड्याचाही आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. विद्यापीठाच्या मागे लेण्यांच्या डोंगराकडे किंवा दख्खनच्या कुठल्याही खडकाळ टेकडीवर गेलो की जाड, कोनदार, काटेरी खोडांची झुडपे दिसतात. त्यांना आपण निवडुंग म्हणतो, कुणी साबर म्हणतात. खोडाला ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. शेताच्या बांधावरचा पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्यांचा शेरही असाच चिकाचा. ही सारी युफोर्बिया कुळातली, म्हणजे एरंडाची भावंडे. आयुर्वेदातली स्नुही ती हीच. चरकसंहितेत तिच्या चिकाचा तीव्र रेचक म्हणून विचार केलेला आहे. म्हणजे निवडुंग ही वस्तू आपल्याकडे दोन हजार वर्षे तरी ओळखीची आहे.

फड्या निवडुंग मात्र वेगळा. नागाच्या फड्यासारखे चपटे, एकावर एक रचलेले तुकडे, पिवळी किंवा केशरी फुले आणि लालजांभळी बोंडे. ही बोंडे खाऊन लाल ओठांनी घरी गेल्यावर बोलणी खाल्लेले शिक्षक आपल्यात कमी नसतील. त्याला चीक नाही. त्याचे काटे एका छोट्या लोकरी गादीतून झुबक्याने उगवतात. ही गादी म्हणजे खऱ्या कॅक्टसची खूण. ज्या झाडाला ती आहे ते कॅक्टस कुळातले, ज्याला नाही आणि चीक आहे ते युफोर्बिया. मुलांना भिंग द्यावे आणि स्वतःच ठरवू द्यावे. मात्र युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा तोडण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

कॅक्टस कुळातल्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि एखादा अपवाद वगळता त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. तो अपवाद म्हणजे झाडांवर लोंबणारी, काटे नसलेली ऱ्हिप्सालिस. ती आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही मिळते, बहुधा पक्ष्यांच्या पोटातून गेलेली. थोडक्यात, कोलंबसाच्या आधी आपल्याकडे फड्या निवडुंग नव्हता. पुराणातल्या प्रसंगांच्या कॅलेंडरांवर आणि दूरदर्शन मालिकांच्या देखाव्यांत ऋषींच्या आश्रमामागे तो खुशाल उभा असतो, तो भाग वेगळा. थरच्या वाळवंटातही मूळचा कॅक्टस नाही. तिथे आहे तो युफोर्बियाच, ज्याला तिकडचे लोक थोर म्हणतात.

मग दोन वेगळ्या कुळांत इतके सारखेपण आले कुठून? पाण्याच्या टंचाईला एकच उत्तर दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडले, म्हणून. पान लहान करा किंवा टाकून द्या, हिरवेपण खोडाकडे सोपवा, खोडात पाणी साठवा, बाहेर काटे लावा. शार्क आणि डॉल्फिन यांचे आकार जसे जुळतात तसेच हे. आपल्याकडे तर रुईच्या कुळानेही हाच मार्ग धरला. माकडशिंगी आणि जुन्नर-शिवनेरीकडची दुर्मीळ शिवसुमन ही त्याची उदाहरणे. तीन कुळे, एकच युक्ती.

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे मंदिर आहे. तुकोबांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम तिथे असतो. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव, असे सांगतात. तो निवडुंग चिकाचा की फड्याचा, हा प्रश्न वर्गात टाकायला चांगला आहे. उत्तर मिळाले नाही तरी चालेल. नाव जुने असते आणि त्याच्या आतली वस्तू बदललेली असू शकते, एवढे ध्यानात आले तरी पुष्कळ. फड्याही इतका पसरला की 'निवडुंग' म्हटल्यावर आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी तोच येतो.

तो पसरला कसा? पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दींच्या जहाजांतून मिरची, अननस, सीताफळ आले तसे कॅक्टसही आले. कुंपण म्हणून त्याला तोड नव्हती. पण अठराव्या शतकाच्या शेवटी त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलली, आणि त्याचे कारण होते एक कीटक.

मराठीत गडद लाल रंगाला आपण किरमिजी म्हणतो. हा शब्द अरबी-फारसीतून आला. किर्मिझ म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवरचा एक खवलेकीटक, ज्याच्यापासून लाल रंग काढत. स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोहोचले तेव्हा त्यांना याहून कितीतरी गडद रंग देणारा कीटक दिसला. ओआहाका भागातले लोक तो नोपाल नावाच्या फड्या निवडुंगावर पाळत. हाच कोचिनील. मादी अगदी लहान. एकदा सोंड खुपसली की जागची हलत नाही आणि अंगावर पांढरी मेणचट लोकर पांघरून बसते. चिरडली की बोट रक्तासारखे लाल. तो लाल रंग म्हणजे कार्मिनिक आम्ल, भक्षकांना दूर ठेवण्यासाठी तिने बनवलेले. एक पौंड कोरडा रंग मिळवायला सुमारे ७०,००० कीटक लागत. मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीच्या खालोखाल किंमत होती ती याला. स्पेनने हे गुपित इतके जपले की हे दाणे म्हणजे बी की किडा, याबद्दल युरोपात वाद चालत. लेव्हेनहूकसारख्यांनी भिंगाखाली पाय आणि अंडी पाहिली तेव्हा कुठे तो निकालात निघाला. १७७७ मध्ये तिएरी द मेनोंव्हील या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने हे किडे निवडुंगासकट ओआहाकातून चोरून नेले. हेरकथेला शोभेल असा तो प्रवास आहे, पण इथे त्याला जागा नाही.

ईस्ट इंडिया कंपनीलाही हा रंग हवा होता. तिच्या अधिकाऱ्यांचे लाल डगले त्याच रंगाचे होते, आणि पैसे जात होते स्पेनला. मद्रासमध्ये जेम्स अँडरसन नावाचे कंपनीचे डॉक्टर होते. १७८६ मध्ये त्यांना मद्रासजवळ गवतावर कोचिनीलसारखा दिसणारा एक किडा सापडला आणि त्यांनी लंडनला जोसेफ बँक्स यांना पत्रांवर पत्रे लिहिली. तो किडा रंगाच्या कामाचा निघाला नाही, पण अँडरसन यांनी हार मानली नाही. मद्रासजवळ सैदापेठला त्यांनी नोपालची बाग उभी केली. किडे येतील तेव्हा त्यांना खायला तयार असावे, म्हणून. खरा कोचिनील आणणाऱ्याला कंपनीने दोन हजार पौंडांचे बक्षीस लावले.

१७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाचा अधिकारी भारताकडे येत असताना त्याचे जहाज ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला थांबले. तिथे त्याला निवडुंगावर पांढरी लोकर दिसली. त्याने किड्यांसकट झाडे घेतली. वाटेत बरेच किडे मेले, उरलेले कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या निवडुंगावर ते झपाट्याने वाढले, मद्रासलाही गेले. सगळीकडे आनंदीआनंद झाला.

पण किडा चुकीचा होता. मेक्सिकोतला माणसाळलेला कोचिनील म्हणजे डॅक्टिलोपियस कॉकस. नीलसनने आणला होता तो ब्राझीलचा रानटी चुलतभाऊ, डॅक्टिलोपियस सेलोनिकस. त्याच्यात रंग कमी आणि अंगावर लोकर फार. त्याच्यापासून निघालेला माल मेक्सिकोच्या मालापुढे टिकेना. शेवटी ही सारी खटपट कंपनीने सोडून दिली. पुढे १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि काही दशकांत प्रयोगशाळेतल्या लाल रंगांनी कोचिनीलचा बाजारच बसवला. आज तो पुन्हा आला आहे, खाद्यरंग म्हणून. पाकिटावर १२० हा आकडा दिसला तर तो हाच किडा. शाकाहारी मंडळींनी नोंद घ्यावी.

आता खरी गोष्ट सुरू होते. रंग न देणाऱ्या या किड्याने दुसरेच काम केले. उत्तर आणि पूर्व भारतात जो फड्या निवडुंग माजला होता (ओपन्शिया मोनॅकँथा), त्याचा त्याने फडशा पाडला. मैलोन्‌मैल जाळ्या वाळून गेल्या. हे पाहून १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडण्यात आला आणि १८६५ च्या सुमारास श्रीलंकेत. एखाद्या माजलेल्या तणाला आवर घालण्यासाठी माणसाने किडा जाणूनबुजून वापरल्याचे आणि तो उपाय लागू पडल्याचे जगातले हे पहिले उदाहरण मानतात. जैविक नियंत्रणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ऑस्ट्रेलियाचे नाव असते. पण पहिला मान आपल्याकडचा आणि तोही एका फसलेल्या धंद्यातून मिळालेला.

मात्र मोनॅकँथा गेला म्हणून निवडुंग गेला नाही. त्याच्या जोडीला दुसऱ्या दोन जाती होत्या : दक्षिणेत ओपन्शिया डिलेनी आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात मुख्यतः ओपन्शिया एलॅशियर. ब्राझीलचा किडा यांना तोंड लावीना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोघांनी गायराने, ओढ्यांचे काठ आणि पडीक गढ्या व्यापल्या. तोडला तर प्रत्येक तुकडा रुजतो. बोंडे खाऊन पक्षी आणि गुरे बिया लांबवर टाकतात. गावाला लागून असलेल्या जाळीत उंदीर, उंदरांमागे साप. दुष्काळात मात्र हाच निवडुंग पेटत्या चुडीवर धरून, काटे जाळून गुरांना घातला जाई. नुसत्या फड्यावर जनावर जगते, पण त्याला पातळ हगवण लागते, म्हणून कडबा-भुसा मिसळून द्यावा लागतो हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. शत्रूही तोच आणि उपाशी वर्षी आधारही तोच.

हा गुंता सुटला १९२६ मध्ये. तोपर्यंत ऑस्ट्रेलिया याच संकटाने बेजार झाला होता. तिथे १९२५ च्या सुमारास सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. उपाय शोधायला त्यांनी १९१२ ते १९१४ मध्ये दोन शास्त्रज्ञांना जगभर पाठवले, ते भारतातही येऊन गेले. (शेवटी त्यांना तारले ते अर्जेंटिनाच्या एका पतंगाने, कॅक्टोब्लास्टिसने. त्याच्या नावाने तिथे एक सभागृह बांधले आहे. किड्याच्या नावाचे सभागृह आम्हाला दुसरे माहीत नाही.) या शोधातून हाताशी आलेल्या किड्यांपैकी कोचिनीलची आणखी एक जात, डॅक्टिलोपियस ओपन्शिए, आधी श्रीलंकेत सोडली गेली आणि तिथून १९२६ मध्ये दक्षिण भारतात आणली गेली. दिसायला ती आधीच्या किड्यासारखीच, तीच पांढरी लोकर, तेच लाल रक्त. पण ही डिलेनी खात होती आणि एलॅशियरही. पाच-सहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टरांवरचा निवडुंग आटोक्यात आला. पुढे ती इतर भागांतही पसरली. आजोबांच्या आठवणीतल्या निवडुंगाच्या दाट जाळ्या आज बांधावर चारदोन झुडपांपुरत्या का उरल्या, याचे मोठे कारण हा कीटक आहे.

उघड्या डोळ्यांनी सारखे दिसणारे दोन कीटक, पण एक जिथे उपाशी मरतो तिथे दुसरा मेजवानी करतो. जातींचे वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची घोकंपट्टी, असे विद्यार्थ्यांना वाटते. त्यांना ही १७९५ आणि १९२६ मधली फारकत सांगून पाहावी.

आता आमच्या मेलेल्या भोपळ्याकडे परत येऊ. तोही एक परदेशी पाहुणाच. त्याचे घर मध्य मेक्सिकोत, केरेतारो आणि इदाल्गो भागातल्या दऱ्यांच्या खडकाळ उतारांवर. १८८६ मध्ये त्याचे नामकरण झाले ते हेर्मान ग्रुसोन या जर्मन कारखानदाराच्या नावाने. तोफा आणि चिलखती बुरूज बनवणाऱ्या या गृहस्थांना निवडुंग जमवण्याचा नाद होता. म्हणून तो इकिनोकॅक्टस ग्रुसोनी. २०१४ पासून काही शास्त्रज्ञ त्याला क्रोएनलीनिया या वेगळ्या प्रजातीत घालतात. आज जगभरच्या बागांत तो लाखोंनी आहे, पण त्याच्या मूळ दरीत १९९० च्या दशकात सिमापान धरण झाले, पुष्कळ झाडे पाण्याखाली गेली, काही चोरीला गेली. रानात तो आज संकटग्रस्त आहे. म्हणूनच विकत घेताना बियांपासून वाढवलेलेच रोप घ्यावे. आपल्याकडच्या रोपवाटिकांत बहुधा तसेच असते. आणि पिपातून पाणी काढून पिणारा चित्रपटातला नायक विसरून जावा. आत पाणी नसते, कडवट चिकट गर असतो आणि कित्येक जातींत तो पोट बिघडवतो.

पिपाच्या अंगावरच्या उभ्या कडा नीट पाहाव्यात. पाणी मिळाले की त्या कंदिलाच्या कागदी घड्यांसारख्या उलगडतात, आटले की मिटतात. साल न फाटता पोट फुगते आणि कमी होते. मुळे खोल जात नाहीत, आडवी पसरतात. एक सर आली की काही दिवसांत बारीक तंतुमुळे फुटतात, मिळेल ते पाणी ओढतात आणि जमीन वाळली की गळून जातात. म्हणजे हे झाड भिजण्यासाठी बनले आहे, पण लगेच कोरडे होण्यासाठीही. सोनोरा वाळवंटातल्या टूसॉन शहरात वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही हिवाळा-उन्हाळा असा वाटून, खडीच्या जमिनीवर. आपल्या संभाजीनगरला सुमारे ७०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यात आमच्या मुलांनी कुंडीत घातली होती काळी कपाशीची माती, जी पाणी शोषून फुगते आणि हवेला जागाच ठेवत नाही. प्राणवायू नाही, ढगांमुळे ऊन नाही, कुंडी आठवडेच्या आठवडे ओली. मुळे गुदमरली आणि बुरशीने बाकीचे काम केले. मारेकरी पाऊस नव्हता, माती होती. टेकडीवरचा आपला साबर तोच पाऊस झेलतो, पण तो उभा असतो बसाल्टच्या भेगेत, जिथून पाणी घटकेत निघून जाते. वर पावसाळ्यात त्याला पाने फुटतात आणि मिळालेले पाणी तो भरभर वापरतो.

निवडुंगाचे दुसरे गुपित रात्रीचे आहे. दिवसा रंध्रे उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून तो ती रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारे बंद करून उन्हात त्याची साखर बनवतो. १८०४ मध्ये द सोस्यूर या शास्त्रज्ञाने ओपन्शियाचे तुकडे रात्री वायू शोषतात हे मोजले होते. आणि मद्रास इलाख्यात काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतितज्ज्ञाने भारतातल्या बागांत वाढणाऱ्या पानफुटीची पाने निरनिराळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्याचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनला छापले गेले. पानफुटी कॅक्टस नव्हे, पण युक्ती तीच. हा प्रयोग कुठल्याही शाळेत करता येतो. सूर्योदयाआधी आणि सायंकाळी चार-पाचला एकाच झाडाची सारख्या आकाराची पाने तोडा, सारख्या पाण्यात वाटा आणि पीएच पट्टी बुडवा. सकाळचा रस अधिक आम्लधर्मी दिसेल. हाइनसारखे चाखू मात्र नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही नवा गोल निवडुंग आणला आणि पाटी लिहिण्याआधी माती बदलली. निम्म्याहून अधिक चाळलेला मुरूम आणि विटांचे तुकडे, थोडी जाड वाळू, मूठभर कुजलेला पालापाचोळा. कुंडी कच्च्या मातीची, तळाला मोठे भोक. फेब्रुवारीत जुन्या कुंडीतून काढून मुळे आठवडाभर सावलीत सुकू दिली, मगच लावला. वर्तमानपत्राची जाड घडी कमरेला गुंडाळली की काटे लागत नाहीत. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, माती पूर्ण वाळल्यावर एकदाच भरपूर पाणी. हिवाळ्यात जवळजवळ नाही. रोपवाटिकेच्या जाळीखाली वाढलेले झाड थेट मेच्या उन्हात ठेवले तर सालीवर पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी दुपारची सावली द्यावी. आणि जून ते सप्टेंबर पारदर्शक पत्र्याखाली. हे एवढे सांभाळले तर बाकी तो फारसे मागत नाही. फुले मात्र लगेच मागू नयेत, त्याला दीड-दोन दशके लागतात. लावणाऱ्या मुलांची मुले ती पाहतील.

कधी काट्यांच्या बुडाशी पांढरा कापूस दिसतो. तो बहुधा पिठ्या ढेकूण, कोचिनीलचाच दूरचा नातलग. स्पिरिटात बुडवलेल्या कुंचल्याने पुसून काढता येतो. बांधावरच्या फड्या निवडुंगावर असा कापूस दिसला तर काडीने थोडा खरवडून पांढऱ्या कागदावर चिरडावा. कागद किरमिजी झाला तर तुमच्या हातात १९२६ साली आलेल्या वसाहतीचे वंशज असण्याची शक्यता मोठी.

ही ओळख आज उपयोगाची आहे. बिनकाट्याचा फड्या निवडुंग कोरडवाहू भागात चारा म्हणून लावावा, यासाठी गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागानेही जोर धरला आहे. मराठवाड्यात ड्रॅगन फ्रूटच्या बागाही झाल्या, तोही कॅक्टसच. चाऱ्याची कल्पना वाईट नाही. चाराटंचाईच्या वर्षी जिरायती शेतकऱ्याला ती तारू शकते. पण आपल्याला ज्याने वाचवले त्याच डॅक्टिलोपियस ओपन्शिएने ब्राझीलमध्ये चाऱ्याच्या निवडुंगाची शेते उद्ध्वस्त केली आहेत, आणि २०१४ मध्ये तो मोरोक्कोत पोहोचल्यावर तिथल्या शेतकऱ्यांची कुंपणे आणि फळबागा वाळून गेल्या. त्याच्या वेगवेगळ्या वाणांना वेगवेगळे निवडुंग आवडतात. तेव्हा नवे फडे लावण्याआधी शेजारच्या बांधावरच्या कापसाचा किडा या नव्या वाणावर जगतो का, हे काचेच्या बरणीत एक तुकडा आणि चार किडे ठेवून पाहायला हवे. बरणीच्या तोंडाला दुहेरी पातळ कापड घट्ट बांधावे, कारण नुकती जन्मलेली पिल्ले धुळीच्या कणाएवढी असतात आणि वाऱ्याबरोबर जातात.